मेथे सरांनी न बांधलेली भिंत

मेथे सरांच्या तालमीला पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला आल्या पावली परत पाठवलं. शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये फरशीवर ओल्या खडूने रेघा मारून त्यांनी एक घर आखलं होतं आणि मी माझ्याच नादात त्या घराच्या भिंतीवर पाय देऊन सरळ आत गेले होते. बाकावर एक ठेंगणा माणूस बसला होता. पांढरा सदरा, सदऱ्याच्या बाहीवर वाळलेल्या रंगांचे डाग. तो शांतपणे म्हणाला, "पोरी, भिंतीतनं आलीस. भूत हायस का माणूस?" मी हसले. तो हसला नाही. "माणूस असशील तर भाईर जा आणि दारातनं ये." मी बाहेर गेले, खडूच्या रेघेत जिथे फट सोडली होती तिथून आत आले आणि पुढची सहा वर्षं तिथूनच येत-जात राहिले.

हा नियम सगळ्यांना होता. एका वर्षी मुहूर्ताचा नारळ फोडायला आमच्या भागातले नगरसेवक आले होते. ते चार कार्यकर्त्यांसह थेट हॉलच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, स्वयंपाकघरातनं आलासा, ते पण चपला घालून. बाईमाणूस काय म्हणंल?" नगरसेवकांना काही कळेना. पण सरांचा चेहरा बघून ते निमूट मागे फिरले, चपला काढल्या आणि रेघेतल्या फटीतून पुन्हा आले. नारळ त्यानंतर फुटला.

सर एका हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. शिवाजी पेठेत एका खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि वर्षाला एक नाटक करायचे. नाटक स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे, नेपथ्यही स्वतःच करायचे. म्हणजे करायचेच नाहीत. त्यांच्या नाटकात भिंत, दार, खिडकी यांतलं काहीच उभं नसायचं. "खरी भित्ताड उभी केली की लोक भित्ताड बघत्यात," ते म्हणायचे. "नसल्याली दाखवली की माणसं बघत्यात." आम्ही नट मंडळी दिवसभर नोकऱ्या करणारी. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, नाटकात माझ्याबरोबर काम करणारी कल्पना एका पतपेढीत होती. संध्याकाळी साडेसहाला आम्ही सगळे त्या खडूच्या घरात राहायला जायचो.

सरांची आणखी एक रीत होती आणि मला आज जे सांगायचं आहे ते तिच्यामुळेच घडलं. नव्या नाटकाच्या पहिल्या दिवशी ते फरशीवर एकच चौकोनी खोली आखायचे. एकेकाने आत जाऊन मांडी घालून बसायचं आणि आपल्या घरातली अशी एक गोष्ट सांगायची, जी कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्यांचं सांगून झालं की सर बादलीत फडकं भिजवून स्वतः गुडघ्यावर बसून ती खोली पुसायचे. शेवटची रेघ पुसली की म्हणायचे, "पुसलं. आता हितलं काय बी भाईर न्हाई." आमचा त्यावर विश्वास होता. त्या खोलीत मी एका धिप्पाड माणसाला आपल्या मेलेल्या बहिणीविषयी बोलताना हमसून रडताना पाहिलंय आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाही.

स्वतः सर मात्र त्या खोलीत कधी बसले नाहीत. शिरोळला त्यांचा थोरला भाऊ होता. त्याच्याकडे ते जात नसत आणि तोही कधी आलेला आम्ही पाहिला नाही. कल्पनाने एकदा धीर करून विचारलं, "सर, तुमची गोष्ट?" सर फडकं पिळत म्हणाले, "मी दिग्दर्शक हाय. मी भिंतीच्या भाईर बसतो." आम्हाला तेव्हा हे उत्तर फार आवडलं होतं. आता आठवलं की माझं डोकं फिरतं.

माझी गोष्ट मी सहाव्या वर्षी सांगितली. तोवर काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती.

मंगळवार पेठेत आमचं घर. पप्पा आणि माझे काका एकाच घरात राहत. काकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत पप्पांचं नाव मुलीच्या मामाच्या खाली छापलं गेलं. थोरला चुलता हयात असताना मामा वर. छापखान्याची चूक होती असं काका म्हणाले, मुद्दाम केलंय असं पप्पा म्हणाले, आणि पप्पा लग्नाला गेले नाहीत. लग्नानंतर आठ दिवसांनी काकांनी माजघराच्या मधोमध आपलं लोखंडी कपाट आडवं लावलं. दुसऱ्या दिवशी पप्पांनी त्याला पाठ लावून आपलं कपाट उभं केलं. उरलेल्या फटीत पत्रा ठोकला. अशी आमची वाटणी झाली. त्यानंतर चार वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पण कपाटं छतापर्यंत पोचत नव्हती. वर दोन हातांची जागा होती. रोज सकाळी साडेदहाला पुरुषमाणसं कामाला गेली की पलीकडून पत्र्यावर दोनदा टकटक व्हायची. आई स्टुलावर चढायची. पलीकडे माझी शालन काकू उलट्या पातेल्यावर उभी असायची, ती बुटकी होती म्हणून. वरून एक झाकलेली वाटी यायची. "आक्का, धरा वो, गरम हाय." कधी अंबाडीची भाजी, कधी शेंगदाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी तीच वाटी आईकडून भरून जायची. रिकामी कधी गेली नाही. एका रजेच्या दिवशी मी आजारी म्हणून घरी झोपले होते, तेव्हा हे पाहिलं. आईने मला बघितलं, स्टुलावरून उतरली आणि एवढंच म्हणाली, "तू काय बघितलं न्हाईस." फोन दोघींकडे होते. पण फोनवर बोलायला विषय लागतो आणि दोघींच्या नवऱ्यांना फोन तपासायची सवय होती. वाटी कुणी तपासत नव्हतं.

हे मी खडूच्या खोलीत बसून सांगितलं. सांगताना मला रडू आलं नाही, उलट हसत हसत सांगितलं. सर उठले, फडकं भिजवलं आणि खोली पुसली. "पुसलं," म्हणाले. त्या दिवशी ते शेवटचं वाक्य म्हणाले नाहीत, हे मला फार उशिरा आठवलं.

त्या वर्षीचं नाटक 'सामाईक'. दोन भाऊ घराची वाटणी करतात. रंगमंचाच्या मधोमध फक्त एक पांढरी रेघ आणि ती ओलांडायची कुणाचीच ताकद नाही. मी थोरली जाऊ, कल्पना धाकटी. संहिता हातात आली तेव्हा मी ती तिथेच उभ्याने वाचून काढली. सरांना एकटं गाठून म्हटलं, "सर, हे आमच्याच घरावर आलंय." ते म्हणाले, "वैशे, वाटण्या काय तुमच्यातच झाल्यात व्हय? गल्लीत दगड मारलास तर वाटणी झालेल्या घरावरच पडंल." आणि खरंच, वाटीचा त्यात उल्लेख नव्हता. दुसऱ्या अंकात धाकटी जाऊ रेघेवरून थोरलीला एक चिठ्ठी देते, एवढंच होतं. तालमीत दोन महिने कल्पनाने मला चिठ्ठीच दिली.

नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सर आमच्या घरी आले. मी ऑफिसात होते. त्यांनी पप्पांना दुसऱ्या रांगेचे दोन पास दिले, तिथून उठून शेजारच्या दारी काकांना दोन पास दिले. नाटकाला कधी न फिरकणारे माझे पप्पा सरांसारख्या वयस्क मास्तरांच्या आग्रहाला नाही म्हणू शकले नाहीत. काकांचंही तसंच झालं असणार. दुसरा भाऊही येणार आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या अंकात मी रेघेच्या अलीकडे तांदूळ निवडत बसले होते. पलीकडून टकटक आली. तालमीत टकटक नव्हती. मी मान वर केली. कल्पना टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन उभी होती आणि तिच्या हातात झाकलेली स्टीलची वाटी होती. ती म्हणाली, "आक्का, धरा वो, गरम हाय."

रंगमंचावरच्या उजेडातून पहिल्या दोन-तीन रांगाच दिसतात. दुसऱ्या रांगेत मधली वाट सोडून इकडे आई-पप्पा, तिकडे काका-काकू. आईने पदर तोंडाला लावला. काकू रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती मान वळवून आईकडे बघत होती.

मला तेव्हा काय काय करता आलं असतं, याचा मी गेली बारा वर्षं विचार केलाय. मी ती वाटी घेतली नसती तर? तांदूळ निवडत राहिले असते, उठून आत गेले असते, तर कल्पना काही तरी सावरून घेऊन पुढे गेली असती. पण सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं होतं आणि सहा वर्षं नाटक करणाऱ्या बाईला ती शांतता कळते. मी स्टुलावर चढल्याचा अभिनय केला. आईसारखे दोन्ही हात वर केले. वाटी घेतली, पदराने धरली, झाकण किलकिलं करून वास घेतला आणि आईसारखीच डोळे मिटून किंचित हसले. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. खोटं कशाला सांगू, त्या मला आवडल्या.

टाळ्या थांबायच्या आत पप्पा उठले. मग काका उठले. एक डावीकडच्या दाराने गेला, एक उजवीकडच्या. बायका त्यांच्यामागे गेल्या. पुढचा अर्धा अंक मी चार रिकाम्या खुर्च्यांसमोर केला.

पडदा पडल्यावर रंगपटात मी सरांच्या समोर उभी राहिले. कल्पना कोपऱ्यात रडत होती. "सर म्हणाले, तुला माहितीये म्हणून," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी सरांना म्हटलं, "तुम्ही पुसलं होतं."

"फरशीवरचं पुसलं, वैशे. डोक्यातलं कशानं पुसू?"

"मी विश्वासानं सांगितलं होतं."

"व्हय. आणि मी पण विश्वासानंच केलं." ते जराही ओशाळलेले नव्हते. उलट त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझ्या आईनं चार वर्षं केवढं मोठं काम केलं. ते त्या कपाटाच्या मागं कुजू द्यायचं? त्या दोघा भावांनी बघाय नको, आपल्या बायका काय हायत्या? मला वाटलं, हितंच उठून एकमेकाच्या गळ्यात पडतील."

त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. मेथे सर लबाड असते तर मला फार सोपं गेलं असतं. त्यांनी ते बक्षिसासाठी केलं नव्हतं. नाटक बघून माणसं बदलतात यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेपायी त्यांनी माझ्या आईला न विचारता पणाला लावलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गवंडी घेऊन आले. कपाटं सरकवली आणि विटा रचायला सुरुवात झाली. छातीएवढी भिंत झाली तेव्हा काका पलीकडून म्हणाले, "दादा, कुठवर घालू?" पप्पा म्हणाले, "स्लॅबपातुर घाल. फट ठेवू नकोस." चार वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलले ते हे. कल्पनाकडून ही हकिगत सरांना कळली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "बोलले न्हवं पण?"

भिंतीचं मला एवढं काही वाटलं नाही. बायकांना भिंतीची सवय असते. आई आणि काकूने दुसरी वाट काढली असती, परसातून, नळावरून, देवळातून. माझी सगळी आशा त्यावर होती. चार दिवसांनी आई नळावर काकूला गाठायला गेली. मी दारात उभी होते. आई म्हणाली, "शालन, ऐक तरी." काकूने घागर खाली ठेवली. ती भांडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आक्का, घरात मी काय काय ऐकून घेतलं ते घेतलं. त्याचं काय न्हाई. पर आपलं दोघींचं होतं ते तुम्ही पोरीला सांगितलंसा आणि पोरीनं त्याचा खेळ केला. आता माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

आईने सांगितलं नव्हतं. मी चोरून पाहिलं होतं. आई एक शब्द बोलली असती तर काकूचा राग तिच्यावरून उतरून माझ्यावर आला असता. ती बोलली नाही. आणि दारात उभी असलेली मी, जिला हजार माणसांसमोर बोलता येत होतं, तीही बोलले नाही. काकू घागर उचलून गेली. त्या वर्षीच काकांचा मुलगा वारणानगरला नोकरीला लागला आणि ते सगळे तिकडे राहायला गेले. त्यानंतर दोघी जावा लग्नाकार्यात भेटल्या तर "बरं हाय का" म्हणतात आणि वेगवेगळ्या पंगतीला बसतात.

'सामाईक'ला पहिलं बक्षीस मिळालं, मला अभिनयाचं. ते घ्यायला मी गेले नाही. सर दोनदा घरी आले, दोन्ही वेळा मी आतून निरोप पाठवला की मी घरी नाही म्हणून सांगा. पुन्हा नाटक केलं नाही. लोकांना वाटतं लग्न झालं म्हणून सोडलं.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले, नृसिंहवाडीला, पौर्णिमेच्या गर्दीत. हातात काठी आली होती. मी वाट बदलायच्या बेतात होते, पण त्यांनी पाहिलं. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. इकडचं तिकडचं काहीच बोलले नाहीत. थेट विचारलं, "भिंत हाय अजून?"

"आहे."

"आणि त्या दोघी?"

मी नाही म्हणून मान हलवली. सर पाण्याकडे बघत म्हणाले, "मग पडलं नाटक." मी वाट पाहिली. आणखी काही तरी म्हणतील असं वाटलं, चुकलं म्हणतील, माफ कर म्हणतील. ते म्हणाले, "धाकट्या जावेला चिठ्ठीच ठेवाय पायजे होती." त्यांच्या लेखी ती अजूनही दुसऱ्या अंकातली दुरुस्ती होती. मी उठले आणि बसस्टँडकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही याचं वाईटही वाटलं नाही. ते नंतर वाटलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्याच चित्रकलेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलत होता आणि जवळजवळ प्रत्येक जण 'सामाईक'मधल्या त्या प्रसंगाशी येत होता. एक समीक्षक म्हणाले की अदृश्य भिंतीवरून येणारी ती वाटी हे सरांच्या प्रतिभेचं शिखर होतं, साध्या घरगुती वस्तूतून एवढं मोठं प्रतीक त्यांनाच सुचू शकतं. कल्पना माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात दाबला. मग कुणी तरी माझं नाव पुकारलं.

मी चांगलं बोलले. सरांनी मला उभं राहायला शिकवलं, आवाज दिला, माणसाकडे बघायला शिकवलं, हे सगळं सांगितलं आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या प्रसंगावर मी बोलेन याची लोक वाट बघत होते. मी तो विषय काढला नाही आणि खाली बसले.

सभेहून आईकडे गेले. पप्पांना आता ऐकू येत नाही, ते टीव्हीसमोर होते. आई लसूण सोलत होती. एक सांगायचं राहिलं. त्या नाटकापासून आई मला काहीच सांगत नाही. भांडत नाही, माहेरपणाला बोलावते, जाताना पिशवी भरून देते, पण सांगत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला पट्टी निघाल्यावर कळलं. काकूच्या नातवाच्या बारशाला ती गेली होती की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. विचारलं की म्हणते, "काय न्हाई गं, बरं चाललंय."

मी तिला म्हटलं, "मेथे सरांच्या सभेला गेले होते. बोलले मी."

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. सरांविषयी काही तरी कडू बोलेल असं मला वाटलं. तसा तिला हक्क होता. ती म्हणाली, "बोलाय पायजेच. शिकवलं त्यांनी तुला." मग हात पुसले आणि माझ्याकडे न बघता, पप्पांना ऐकू येत नसतानाही आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आमचं काय सांगितलं न्हाईस न्हवं तिथं?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. पण तिला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं.